शेपटीला ली

मंगळवारी नि शुक्रवारी, साडेसहाला,
दांडिया बाजारातल्या माझ्या गच्चीवर
दोघं हंगेरियन बूट काढून बसतात:
बोतोंद, मकरपुऱ्याच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला,
आणि इल्दिको, त्याच्याबरोबर आलेली,
जिची उन्हाखेरीज कशाबद्दल तक्रार नाही.

मी गुप्तेबाई. एकतीस वर्षं मुलींना
हेच शिकवलं: विशेषणाला ली लावा,
क्रियापदाला 'कसं?' विचारा.
मुली कंटाळायच्या.
हे दोघं वाद घालतात.

त्यांच्यात शेपूट लागते ती स्वर बघून.
लॉश्शॉन, म्हणजे हळू. सेपेन, म्हणजे छान.
जाड स्वराला ऑन, बारीक स्वराला एन,
साडी बघून ब्लाउज काढावं तसं.
द्योर्शॉन, बोतोंद म्हणाला, म्हणजे जलद.
मी म्हटलं, आमचं पटकन. झटकन. चटकन.
तिन्ही वेळा त्याने मान डोलावली,
जणू गावाकडचं कुणी भेटलं.

इंग्रजीला असला कान नाही.
काहीही असो, ली.
पण गुड असेल तर एकदम वेल,
आणि फास्ट असेल तर काहीच नाही, फास्टच.
का, इल्दिको विचारते.
सासरची रीत सांगावी तशी मी सांगते:
असंच असतं.

मग जागेचा प्रश्न.
आय लाइक व्हेरी मच युवर टी, ती म्हणाली,
आणि थँक्यू म्हणायच्या आधीच मी
ते व्हेरी मच उचलून वाक्याच्या टोकाला ठेवलं.
क्रियापद आणि कर्म,
स्कूटरवरचं नवं जोडपं,
मध्ये कुणालाही बसू देत नाहीत.
ऑल्वेज चालतो, पण क्रियापदाच्या आधी,
आणि इझ, ॲम आले की त्यांच्या नंतर.
मराठीत मी कसंही म्हणते:
काल हळूच आली, हळूच आली काल,
आली काल हळूच,
कुणी घराबाहेर काढत नाही.
आमच्यातही, इल्दिको म्हणाली,
फक्त ज्यावर जोर, ते क्रियापदाला खेटून.

'इंग्रजी बोलते' असं ती म्हणत नाही.
ऑंगोलुल, म्हणते. म्हणजे इंग्रजीपणे.
भाषा ही वस्तू नाहीच, ढब आहे चालण्याची.
ते ऐकून मी जरा गप्प झाले,
कारण पुण्याची नणंद चाळीस वर्षं ऐकवतेय
की मी भाजी चिरत नाही, समारते,
की माझं मराठी म्हणजे निम्मं गुजराती.
पुढच्या फोनला सांगणार आहे:
वन्सं, मी बडोदुल बोलते.

शुक्रवारी बोतोंद उशिरा आला, मनगटापर्यंत ग्रीस.
टुडे आय वर्क्ड हार्डली.
म्हणजे जवळजवळ काहीच केलं नाहीस, मी म्हटलं.
तो दचकला. पेन्सिल खाली ठेवली.
मग आठवून आठवून सांगू लागला:
सकाळी अकरा नंबरचा बोल्ट,
खाली रमणभाई पाना धरून,
हा शिडीवरून ओरडतोय,
हार्डली, रमण! टाइटन हार्डली!

अर्थ बघता रमणभाईने
पाना जेमतेम टेकवून सोडायला हवा होता.
पण रमणभाईचंही इंग्रजी मकरपुऱ्याचंच.
"जोरथी?" त्याने वर बघून विचारलं,
पाय चौथऱ्याला लावला
आणि ओढला.

मी वहीत हार्ड ठेवलं, ली खोडली,
दहा वाक्यं करून आणायला सांगितली.
त्याने सातच आणली.

आज सेव-उसळ वाढताना न राहवून विचारलं,
तो बोल्ट?
बोतोंदने घास थांबवला. मनातल्या मनात
शब्द इकडून तिकडे सरकवले, दिसत होतं.
इट इझ स्टिल टाइट.
स्टिल बरोब्बर इझच्या नंतर.

रमणभाईला सांग, मी म्हटलं,
सेपेन.